मुळाला खाली कसं कळतं? बापलेकाने घरीच शोधलेलं उत्तर. चार्ल्स डार्विन यांचा आज स्मृतिदिन

कोसाड (सुरत) : आमच्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, मूळ कुठलं? कोणी शहादा सांगतं, कोणी अमळनेर, कोणी नवापूर. बिल्डिंगीत खान्देशी, ओडिया, सौराष्ट्रातले, यूपीचे असे सगळेच. त्यामुळे या प्रश्नाची सवय झाली आहे. पण मागच्या महिन्यात घरातल्या पोराने मुळाबद्दलच असा प्रश्न विचारला की मला उत्तर देता येईना.

शाळेने प्रोजेक्ट दिला होता. काचेच्या बरणीत ओला टिपकागद लावायचा, कागद आणि काच यांच्यामध्ये वालाचे दाणे अडकवायचे आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी दाण्यांना बोटाच्या पेराएवढी मुळं आली. (आपण ज्याला मोड म्हणतो ते खरं तर मूळच.) सगळी सरळ खाली. त्या रात्री मांजराने गॅलरीतली बरणी आडवी पाडली. सकाळी बघतो तर प्रत्येक मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे. शेजारच्या बेन म्हणाल्या, पाण्याकडे जातं. पण ओला कागद तर चहूबाजूंनी होता. पोरगा म्हणाला, पप्पा, रात्री अंधार होता, मग त्याला कळलं कसं खाली कुठे आहे ते?

या प्रश्नावर आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत खपलेला माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फक्त वेगळ्या कारणासाठी. माकडापासून माणूस झाला एवढ्या एका वाक्यात आपण त्याला संपवून टाकतो, आणि ते वाक्यही धड त्याचं नव्हे. चार्ल्स डार्विन. १९ एप्रिल १८८२ रोजी ते गेले. आज त्यांचा स्मृतिदिन.

डॉक्टरकी नाही, पाद्रीपणही नाही

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावातला. घर पैशापाण्याने सुखी. वडील नावाजलेले डॉक्टर. आई मात्र चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच गेली. वडिलांनी पोराला डॉक्टर करायचं ठरवून एडिंबराला पाठवलं. तेव्हा भूल देण्याचं औषध नव्हतं. रुग्ण शुद्धीवर असताना चालणारी शस्त्रक्रिया बघून पोरगा उठून बाहेर आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. मग केंब्रिजला, पाद्री होण्यासाठी. तिथे धर्मशास्त्रापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात जीव रमला. आणि हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भेटले. त्यांच्याच शिफारशीवरून डिसेंबर १८३१मध्ये हा २२ वर्षांचा तरुण बीगल जहाजावर चढला आणि जवळजवळ पाच वर्षं जग फिरून ऑक्टोबर १८३६मध्ये परतला.

पुढचं शाळेत शिकलोच आहोत. १८३९ साली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी लग्न. (मामाची मुलगी केली म्हणजे आपल्याकडच्यासारखंच झालं.) १८५९ साली सजीवांच्या उत्पत्तीवरचं पुस्तक. त्यावरून झालेला गदारोळ आजही पूर्ण शमलेला नाही. तो विषय मोठा आहे, इथे नको.

सांगायचं आहे ते घराबद्दल. १८४२ साली डार्विन कुटुंब लंडनजवळच्या डाऊन गावात राहायला गेलं आणि पुढची ४० वर्षं त्यांनी तिथेच काढली. प्रकृतीने कायम छळलं. उलट्या, थकवा, पोटाचा त्रास. दिवसातले काही तासच काम व्हायचं, मग बागेमागच्या वाटेवर फेऱ्या, मग विश्रांती. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची लाडकी ॲनी १८५१ साली गेली, तो घाव बापाच्या मनातून कधी भरला नाही. ना नोकरी, ना विद्यापीठातली खुर्ची, ना सरकारी प्रयोगशाळा. जे केलं ते घरात, अंगणात, आणि १८६३ साली बांधलेल्या काचघरातल्या कुंड्यांमध्ये.

वय वाढलं तसे डार्विन प्राण्यांपेक्षा झाडांकडे वळले. ऑर्किडवर पुस्तक झालं, वेलींवर झालं, १८७५ साली किडे खाणाऱ्या झाडांवर झालं. वेल आधाराला कशी शोधते, पान रात्री का मिटतं, असं बघता बघता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत गेली. झाड एका जागी उभं असलं तरी ते स्वस्थ नसतं. त्याचा प्रत्येक शेंडा, प्रत्येक मूळ सतत हळूहळू हलत असतं, आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

फ्रान्सिस घरी परत आला

या कामात त्यांना जोडीदार मिळाला तो दुःखाच्या वाटेने. मुलगा फ्रान्सिस वैद्यकी शिकलेला, पण तिच्यात न रमलेला. वडिलांच्या कामात हात लावायचा, बायको एमी हिच्याबरोबर गावातच वेगळा राहायचा. सप्टेंबर १८७६मध्ये एमीला मुलगा झाला आणि काही दिवसांतच ती गेली. अठ्ठावीस वर्षांचा फ्रान्सिस तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांच्या घरी आला. एमा आजीने साठी उलटल्यावर पुन्हा पाळणा हलवायला घेतला. बर्नार्ड पुढे गोल्फवर लिहिणारा नामांकित लेखक झाला, पण ते फार नंतर.

वडिलांनी मुलाला कामात गुंतवलं की मुलाने वडिलांना, हे आता सांगणं अवघड. पण पुढची चार वर्षं हे दोघं अंकुर आणि मुळं यांच्या मागे लागले. घरात एका बाजूला बाळ रांगतंय आणि दुसऱ्या बाजूला शेकडो दाणे भिजत घातलेत, असं ते चित्र.

आता त्यांच्या आधी काय माहीत होतं ते बघू. १८०६ साली इंग्लंडमध्येच थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या बागायतदाराने नामी प्रयोग केला होता. बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर त्याने एक छोटं चाक उभं फिरवलं आणि त्याच्या कडेला दाणे बांधले. मिनिटाला दीडशेच्या वर फेरे. जत्रेतल्या पाळण्यासारखं, पण भिरभिरणारं. दाणे रुजले तेव्हा सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला गेली आणि सगळे कोंब आत, मध्याकडे. म्हणजे मूळ ओल शोधत नाही, अंधारही शोधत नाही. ज्या दिशेला ओढ बसते तिकडे ते जातं. जमिनीत ती ओढ पृथ्वीची, चाकावर ती फेकली जाण्याची. आमच्या बेनचं उत्तर तिथेच बाद झालं होतं, दोनशे वर्षांपूर्वी. (ओलीकडेही मुळं थोडी वळतात हे खरं, पण बरणीत ओल सगळीकडेच होती.)

पण ओढ जाणवते कुठे? त्या काळचे वनस्पतिशास्त्रातले सगळ्यात मोठे नाव म्हणजे जर्मनीतल्या वुर्ट्सबर्गचे प्राध्यापक युलियस साक्स. त्यांचं म्हणणं होतं की मूळ जिथे वाकतं तिथेच गुरुत्वाकर्षणाचा परिणाम होतो. जिथे दुखतं तिथेच लागलं, असं साधं गणित. ऐकायला पटण्यासारखंच आहे. ब्रेस्लाउमध्ये सिसिएल्स्की नावाच्या अभ्यासकाने १८७२ साली मुळाचं टोक कापून बघितलं होतं आणि कापलेलं मूळ वळत नाही असं लिहिलं होतं. पण कापल्याने जखम होते, मूळ आजारी पडलं म्हणून वळलं नसेल, असं म्हणायला जागा होती.

डार्विन बापलेकांनी ही जागाच बुजवायची ठरवली. दाणा घेतला बाकल्याचा, म्हणजे आपल्या वालापेक्षा जाड, मूळही जाड. हत्यार म्हणाल तर धारदार पातं, काच, टाचण्या, लाख, ओलसर माती. मुळाच्या टोकाचा एक ते दीड मिलिमीटरचा तुकडा कापायचा आणि मूळ आडवं ठेवायचं. शेजारी न कापलेली मुळंही आडवी. दुसऱ्या दिवशी न कापलेली खाली वळलेली, कापलेली तशीच सरळ आडवी. आणि ती मेलेली नव्हती, लांबीने वाढत होती. वाढत होती, पण खाली कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी जखम भरून नवं टोक आलं की तीच मुळं पुन्हा खाली वळायला लागत.

सगळ्यात भारी प्रयोग पुढचा. हा मी दोनदा वाचला तेव्हा लक्षात आला. मूळ आधी तास-दीड तास आडवं ठेवलं. एवढ्या वेळात ते वळायला सुरुवातही करत नाही. मग टोक कापलं आणि मूळ उभं करून ठेवलं, टोकाची बाजू सरळ खाली. आता त्याला वळायचं काहीच कारण नाही. जाणणारं टोकही उरलेलं नाही. तरीही काही तासांनी मूळ वाकलं, आणि मघाशी आडवं असताना जी बाजू खाली होती त्या बाजूला वाकलं. म्हणजे कापला जाण्याआधीच टोकाने मागे निरोप पाठवला होता. निरोप देणारा गेला, पण निरोप पोचला आणि काम झालं.

टोकाला सिल्व्हर नायट्रेट लावून ते जाळूनही बघितलं, पाती बदलली, दाण्यांच्या जाती बदलल्या. बहुतेक ठिकाणी निकाल तोच. जाणीव टोकाला, वाकणं त्याच्या थोडं मागे, आणि मध्ये काहीतरी प्रवास करून जातं. कोंबांवरही त्यांनी असंच केलं. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकावर उजेड न शिरणारी टोपी घातली की कोंब खिडकीकडे वळत नसे, टोपी काढली की वळे.

मोठ्या प्राध्यापकांच्या दारात

दरम्यान १८७८च्या उन्हाळ्यात फ्रान्सिस साक्स यांच्या वुर्ट्सबर्गच्या प्रयोगशाळेत शिकायला गेला. तिथे सगळं होतं. नेमकी उपकरणं, सहायक, शिस्त. झाडाला सावकाश फिरवत ठेवून गुरुत्वाकर्षण चहूबाजूंनी सारखं करणारं यंत्रही साक्स यांचंच. घरी म्हातारे वडील वाट बघत, पत्रांवर पत्रं लिहीत, अमुक प्रयोगाचं प्राध्यापकांना विचार, तमुक यंत्र कसं चालतं ते बघून ये. साक्स यांच्याबद्दल डार्विन यांच्या मनात आदर होता. मतभेद आहे म्हणून त्यांनी तो कमी केला नाही.

नोव्हेंबर १८८०मध्ये झाडांच्या हालचालींवरचं सुमारे ६०० पानांचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर वडिलांच्या नावाखाली, सहाय्य म्हणून फ्रान्सिसचं नाव. पुस्तकाच्या अगदी शेवटी डार्विन यांनी मुळाच्या टोकाची तुलना एखाद्या साध्या प्राण्याच्या मेंदूशी केली. झाडाला मेंदू आहे असं ते म्हणाले नव्हते. टोक जाणतं आणि बाकीच्या भागाला हलवतं, म्हणून ते मेंदूसारखं काम करतं, एवढंच. आजही काही लोक ही ओळ उचलून झाडं विचार करतात इथपर्यंत पोचतात. तो दोष डार्विन यांचा नाही.

साक्स भडकले. त्यांच्या सहायकाने टोक कापण्याचे प्रयोग पुन्हा केले तेव्हा डार्विन यांच्यासारखे निकाल आले नाहीत. झालं. खेड्यातल्या घरात बसून कुंड्यांमध्ये प्रयोग करणाऱ्या हौशी माणसाला प्रयोग करता येत नाहीत, असा त्यांच्या लिखाणाचा सूर होता. व्हिएन्नाच्या वीसनर यांनी तर डार्विन यांच्या पुस्तकाविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं, पण ते सभ्य भाषेत. साक्स यांचा घाव जास्त लागला असणार, विशेषतः फ्रान्सिसला, कारण तो त्यांच्या हाताखाली शिकून आला होता.

डार्विन तेव्हा ७१ वर्षांचे होते. भांडत बसले नाहीत. गांडुळांकडे वळले. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला एमाने पियानो वाजवला, फ्रान्सिसने बसून नावाचं भलंमोठं फुंकवाद्य वाजवलं. गांडुळं ढिम्म. ते पुस्तक ऑक्टोबर १८८१मध्ये आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. सहा महिन्यांनी हृदयविकाराने डार्विन गेले. गावातच दफन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. देशाने त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटन यांच्या जवळ ठेवलं. गुरुत्वाकर्षण सांगणारा आणि झाडाचं मूळ ते कसं जाणतं हे शोधणारा, दोघं एकाच छताखाली. मुळांच्या वादाचा निकाल मात्र तोवर लागलेला नव्हता.

कणांचा गाळ

निकाल लागायला पुढची दोन दशकं गेली. १८९०च्या दशकात चापेक या शास्त्रज्ञाने काहीच न कापता प्रयोग केला. वाकड्या काचेच्या इवल्या नळ्या मुळांच्या टोकावर बसवल्या, म्हणजे टोक एका दिशेला आणि मागचा भाग दुसऱ्या. टोक खाली तोंड करून असलं की मूळ वळायचं थांबे, मागचा भाग कसाही असो. जखमेचा आक्षेप संपला.

१९०० साली प्रागचे नेमेत आणि ग्रात्सचे हाबरलांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टोकात नेमकं काय आहे ते सांगितलं. मुळाच्या टोकावर टोपीसारखं आवरण असतं, शाळेच्या पुस्तकातली मूलटोपी. तिच्या मधल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. तांदूळ धुतल्यावर पांढरं पाणी तसंच ठेवलं तर तळाला पीठ बसतं ना, तसे हे कण पेशीच्या तळाशी बसतात. बरणी आडवी झाली की मूळ आडवं होतं, आणि काही मिनिटांत कण घरंगळून नव्या तळाशी येतात. मुळाला खाली कळतं ते असं.

आणि निरोप? तो विसाव्या शतकात सापडला. ऑक्झिन नावाचं संप्रेरक. कण ज्या बाजूला बसले त्या बाजूला ते जास्त जातं. मुळात जास्त ऑक्झिन झालं की वाढ मंदावते. म्हणून आडव्या मुळाची खालची बाजू सावकाश वाढते, वरची भरभर, आणि मूळ खाली वाकतं. खोडात त्याच ऑक्झिनचा परिणाम उलटा, खालची बाजू जास्त वाढते आणि शेंडा वर उठतो. वादळात लोळलेल्या उसाचा शेंडा आठ-दहा दिवसांत पुन्हा आकाशाकडे वळलेला असतो तो याचमुळे. बारडोलीकडच्या किंवा शहाद्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, त्याने ते दरवर्षी बघितलंय. शास्त्रज्ञ याला गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनीही कलकत्त्यात याचा पाठपुरावा केला. खोडात विजेची बारीक सुई थराथराने आत सरकवत गुरुत्वाकर्षणाची जाणीव कुठल्या थरात जास्त आहे ते त्यांनी मोजलं. सुई येऊन थांबली ती स्टार्चचे कण असलेल्या थराशीच. आणि १९९८ साली अमेरिकेत लेझरने मूलटोपीच्या मधल्या मोजक्या पेशी जाळून बघितल्या गेल्या. मूळ वाढत राहिलं, वळणं मात्र बरंच कमी झालं. डार्विन यांच्या पात्याचंच काम, फक्त धार लेझरची.

डार्विन सगळ्यातच बरोबर होते असं मात्र नाही. मुळाच्या टोकाला कागदाचा कपटा लाखेने चिकटवला की ते स्पर्श टाळून दुसरीकडे वळतं, असं त्यांनी लिहिलं. पण तिथे लाखेनेच इजा होत असावी, हा आक्षेप तेव्हाच आला आणि तो रास्त होता. झाडाच्या सगळ्या हालचाली एकाच गोल डुलण्यातून निघाल्या हे त्यांचं लाडकं मतही पुढे टिकलं नाही. साक्स यांनाही एका प्रयोगावरून छोटं ठरवू नये. त्यांच्या प्रयोगशाळेतून आधुनिक वनस्पतिशास्त्राची एक आख्खी पिढी तयार झाली. त्यांची चूक एवढीच की निकाल पटला नाही तेव्हा त्यांनी प्रयोगाऐवजी माणसाचं घर बघितलं.

फ्रान्सिस पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. वडिलांचं चरित्र आणि पत्रं त्यानेच छापली. कणांचा सिद्धांत आला तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये तो होता. तो १९२५ साली गेला, म्हणजे वडिलांचं खरं ठरलेलं त्याने बघितलं.

घरी करून बघायचं असेल तर वाल रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा. मूळ दोन-तीन सेंटिमीटरचं झालं की चार दाणे घ्या. दोघांच्या मुळाचं टोक नव्या ब्लेडने साधारण एक मिलिमीटर कापा, मोठ्या माणसाने कापा. चारही मुळं ओल्या कागदावर आडवी ठेवून, बरणी झाकून, अंधारात ठेवा. आम्ही केलं. पहिल्या खेपेला मी जास्तच कापलं आणि मुळं काळी पडली. दुसऱ्या खेपेला जमलं. न कापलेली दोन्ही सकाळपर्यंत खाली वळली होती, कापलेल्यांपैकी एक सरळ आडवं होतं, एक किंचित वळलेलं. पोराने वहीत तसंच लिहिलं, किंचित वळलेलंसुद्धा. तेलाच्या डब्यात माती भरून चारही दाणे आता गॅलरीत लावले आहेत, मांजर पोचणार नाही अशा कोपऱ्यात.